बोट वर असताना

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे कानसेन म्हणतात. गाण्याबिण्याशी ह्यांचा काही संबंध नाही, अंघोळ करतानासुद्धा कधी गुणगुणल्याचं मला आठवत नाही. हे गाड्यांची विजेची कामं करतात, आणि ती कामं कानाने करतात, म्हणून कानसेन.

दुकान आमचं एकच, पण त्यात संसार दोन. उजव्या हाताला ह्यांचं टेबल, त्यावर वायरींची भेंडोळी, फ्यूजचे डबे आणि एक टेस्टिंगचा दिवा. डाव्या हाताला माझं पायमशीन. मी सीटची कव्हरं शिवते. एकतीस वर्षं आम्ही दोघं एकाच छपराखाली घरीही असतो आणि दुकानातही. बायका विचारतात, चोवीस तास नवरा समोर, कसं निभावता हो? मी सांगते, त्यांना बोलायची सवय नाही आणि मला ऐकून घ्यायची नाही, म्हणून निभतं.

गाडीत काडेपेटीएवढी एक काळी डबी असते, तिला रिले म्हणतात. वायपरचं बटण दाबलं, की आधी ही डबी आतल्या आत टक करते आणि मग पुढे मोटरला वीज सोडते. टक झाली, तर बटणापासून डबीपर्यंत सगळं ठीक, खोट पुढे कुठेतरी आहे. टक झाली नाही, तर खोट डबीत किंवा तिच्या मागे. एका आवाजात अर्धी गाडी तपासून होते. बाकीचे मेकॅनिक मीटर लावून बसतात. आमचे हे नुसतं एक बोट वर करतात.

बोट वर गेलं की मी पाय मशीनवरून उचलायचा. शेजारी पत्र्याचं काम करणारे भावजी आहेत, त्यांना सगळे ठोक्याच म्हणतात, त्यांचा हातोडा हवेतल्या हवेत थांबतो. समोरचा स्पेअर पार्टवाला रेडिओ बारीक करतो. एकदा तर पाण्याच्या टँकरवाल्याने गाडी बंद केली होती. दोन क्षण गल्ली गप्प. मग टक. मग बोट खाली, आणि सगळ्यांचा गोंगाट पुन्हा सुरू. नवीन गिऱ्हाइकाला हसू येतं. जुनं गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राहतं.

हे असं असताना ह्यांनी एक शब्द देऊन ठेवला होता, तो सांगितला पाहिजे. दुकान मुळात माझ्या सासऱ्यांचं. त्यांचे कान उतारवयात गेले. त्यांनी ते लपवलं, आणि लपवता लपवता दोन जणांच्या गाड्यांच्या चांगल्या वायरी कापून ठेवल्या. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, यायचे बंद झाले. मग सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बारा वर्षं. काहीही विचारा, ते हसून हो हो म्हणायचे. जेवता का विचारलं तरी हो हो, आणि काय दुखतंय विचारलं तरी हो हो. ह्यांनी ते रोज पाहिलं. तेव्हापासून हे म्हणायचे, "ज्या दिवशी टक ऐकू येणार नाही, त्या दिवशी शटर खाली. कुणाची गाडी बिघडवून मग थांबायचं नाही." मला म्हणाले, ठोक्या भावजींना म्हणाले, गिऱ्हाइकांनाही सांगितलं. आणि ह्यांचं बोलणं म्हणजे वाऱ्यावरची वरात नव्हे. तंबाखू सोडतो असं एकदा जेवताना म्हणाले, त्याला एकोणीस वर्षं झाली.

आता माझी गोष्ट. दीड वर्षापूर्वी दुकानात एक छोटा टेम्पो आला होता. ह्यांनी बोट वर केलं, मी पाय उचलला. टक झाली, चांगली खणखणीत. बोट वरच. मी वाट पाहिली. मला त्या दिवशी सहा कव्हरं द्यायची होती आणि हे आपले पुतळ्यासारखे उभे. शेवटी कंटाळून मी मशीन सुरू केलं. तसं बोट झटकन खाली आलं आणि हे म्हणाले, "झाली टक. मोटर बघू."

संध्याकाळी घरी किटली शिट्टी मारून मारून थकली आणि हे तिच्या शेजारी पेपर वाचत बसलेले. मी गॅस बंद केला. तर मान वर करून मला विचारतात, "चहा ठेवतेस का?"

बोलायला हवं होतं, मला मान्य आहे. एरवी माझं तोंड कुठे बंद असतं. पण त्या वेळी डोळ्यांपुढे ती खिडकीजवळची खुर्ची आली, आणि मी मूग गिळून बसले. दुसऱ्या दिवसापासून एक केलं. टक झाली रे झाली, की लगेच मशीनवर पाय. मशीन सुरू झालं की ह्यांचं बोट खाली येई. ह्यांना वाटतंय की आपल्यालाच ऐकू आलं, अशी माझी समजूत. दीड वर्ष असं चाललं आणि एकही काम चुकलं नाही. मला मनातून त्याचा थोडा गर्वही होता, खोटं कशाला बोलू. भीतीही होती. नेमक्या वेळी मला शिंक आली तर काय, असले विचार करत मी शिवण घालायची.

मागच्या थंडीत मला आठ दिवस ताप होता. ह्यांनी आठही दिवस दुकान उघडलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. उशाशी बसून राहिले, पाण्याच्या पट्ट्या बदलल्या, पेज करून दिली, ती खारट झाली होती तरी मी खाल्ली. शेजारणीला मी ते तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेले तर तीच म्हणाली, "हो, पट्ट्यांचं सांगितलंत तुम्ही."

तर या पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी सकाळी गल्लीत एक पांढरी घरगाडी शिरली. बसएवढी उंच, आत अख्खं घर. चालवत बाई होत्या आणि शेजारी त्यांचे यजमान, मांडीवर नकाशा उघडून. ते भूगोलाचे निवृत्त मास्तर, बाई त्यांना सर म्हणत होत्या, म्हणून आम्हीही सरच म्हटलं. दोघं घर भाड्याने देऊन वर्षभर फिरायला निघालेले.

"वायपर वेड्यासारखं करतोय," बाई म्हणाल्या. "कधी चालतो, कधी बंद. सकाळी मुक्कामावरून निघालं की बहुतेक बंदच असतो. मग खड्ड्यांतून गाडी गेली की कधी आपोआप सुरू. आज काही केल्या हलत नाही, आणि आम्हाला संध्याकाळच्या आत घाट ओलांडायचाय."

डोंगराच्या बाजूला आभाळ काळं झालेलं होतंच.

"चार गॅरेजं झाली," सर म्हणाले. "एकाने मोटर बदलली, एकाने फ्यूज. चौथा म्हणाला, कानसेनांकडे जा."

हे ऐकून आमचे हे खूश झाले. म्हणजे ह्यांनी ते ऐकलं नसावं, सर समोर बघून मोठ्याने बोलत होते, त्यांच्या ओठांवरून कळलं असेल. मला आता मागे वळून पाहताना असल्या गोष्टी दिसतात.

गाडी शटरमधून आत येणं शक्य नव्हतं. बाईंनी ती दुकानाबाहेर उभी केली, तोंड रस्त्याकडे आणि पाठ आमच्याकडे. तेवढ्यात मी आत डोकावून आले. दुसऱ्याचं घर बघायची हौस कुणाला नसते? दोन बर्नरची शेगडी, हुकांना टांगलेले कप, घडी घातलेला पलंग, सगळं कसं जागच्या जागी. समोरच्या मोठ्या काचेला रात्री ओढायचा एक निळा पडदा होता, पितळी दांडीवर. दिवसा तो एका कोपऱ्यात गोळा करून बांधलेला. त्याची पट्टी अगदी सुमार शिवली होती, ते आधी माझ्या लक्षात आलं. वरच्या कोपऱ्याला एक तपकिरी डागही होता. इस्त्री लागली असेल, असं म्हणून मी खाली उतरले.

हे ड्रायव्हरच्या जागेवर चढले. डॅशबोर्डखालचं झाकण काढलं, किल्ली फिरवली, एक हात स्टिअरिंगजवळच्या वायपरच्या दांडीवर ठेवला, आणि खिडकीतून दुसऱ्या हाताचं बोट बाहेर वर केलं.

मी दुकानाच्या दारात उभी होते. ठोक्या भावजींचा हातोडा थांबला. रेडिओ बारीक झाला. ह्यांनी दांडी खाली ओढली.

टक.

मोठ्या गाडीचा मोठा रिले, दारापर्यंत स्वच्छ आवाज आला. मी पळत आत जाऊन मशीनवर बसले आणि पाय मारायला लागले. सुईखाली कापडसुद्धा नव्हतं. मारता मारता बाहेर पाहिलं, तर समोर त्या घरगाडीची पांढरी पाठ, भिंतीसारखी. तिच्या पुढच्या टोकाला खिडकीतून बाहेर आलेलं बोट तेवढं दिसत होतं. ते वरच होतं. ह्यांना मी दिसणं शक्य नव्हतं, आणि मशीनचा आवाज तरी तिथवर कुठून पोचणार.

बऱ्याच वेळाने बोट खाली आलं. "टक नाही," हे म्हणाले. "रिले गेलाय."

ठोक्या भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मग हातोडा उचलला आणि तसाच धरून ठेवला. त्यांना कळलं होतं. समोर रेडिओवाल्यानेही मान खाली घातली. बोलायचं काम माझं होतं, आणि मी पायाखालच्या पेडलकडे बघत राहिले.

समोरून नवा रिले आणला. बोट पुन्हा वर, गल्ली पुन्हा गप्प, टक पुन्हा झाली. हे म्हणाले, "नवाही तसाच. म्हणजे खोट मागे आहे, बटणाकडे." मग स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. बटण तपासलं, ते ठणठणीत. हे चक्रावले. दिवा लावून रिलेच्या मुळाशी वीज येते का ते पाहता आलं असतं. पण तीस वर्षं जे कानाने सांगितलं, ते दिव्याला कोण विचारतो? "मग मधली वायर तुटली असणार," हे म्हणाले आणि अर्धा डॅशबोर्ड खोलून बाजूला ठेवला.

तास गेला. बाई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, त्या डबीतून आवाज येतोय की. यांना ऐकू येत नाही का?"

"त्यांना सगळं ऐकू येतं," मी फटकारलं. "तुम्ही गाडी चालवा, त्यांना त्यांचं काम करू द्या."

बिचाऱ्या परत सरांजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढला होता आणि ते मला बोलतानाच कळत होतं.

तेवढ्यात वरून ह्यांचा आवाज आला. डॅशबोर्डखालून वायरींचा मनगटाएवढा जाड जुडगा बाहेर काढला होता. "ही सगळी बांधणी कापून उघडावी लागेल. एक एक वायर तपासायची. उद्या दुपार होईल."

"उद्या?" सर म्हणाले. मग त्यांनी नकाशाची घडी घातली.

ह्यांनी कटर उचललं. मला ते कटर ओळखीचं होतं, लाल मुठीचं, सासऱ्यांचं. चांगल्या वायरी कापल्या गेल्या त्याच कटरने. मी खुर्चीवरून उठले.

घरगाडीत चढून मी ह्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसले. "अहो, जरा बोट द्या."

"काय?"

"बोट द्या म्हटलं." मी ते धरलंच. तेच, वर करायचं बोट. ते त्या काळ्या डबीवर टेकवलं, वरून माझा हात दाबून ठेवला, आणि दुसऱ्या हाताने वायपरची दांडी ओढली.

एकतीस वर्षांत मी ह्यांचा चेहरा इतक्या जवळून कामाच्या वेळी पाहिला नव्हता. बोटाखाली डबीने उडी मारली आणि ते ह्यांच्या डोळ्यांत दिसलं. मी दांडी सोडली, पुन्हा ओढली. पुन्हा सोडली, पुन्हा ओढली.

"होतेय," हे म्हणाले.

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून होतेय."

ह्यांनी कटर खाली ठेवलं. समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसले. काच धुळीने भरली होती, पलीकडचं धड दिसतही नव्हतं. आता हे उतरणार, फडक्याला हात पुसणार आणि शटर ओढणार, मला पक्कं वाटलं. आपण हे सगळं दोन तास आधी चारचौघांत न बोलता करू शकलो असतो, असंही वाटलं, आणि स्वतःचा फार राग आला.

हे म्हणाले, "म्हणजे खोट पुढे आहे."

आवाज कामाचा होता. मी बाजूला सरकले.

पुढे सगळं भराभर झालं. ह्यांनी मोटरचा प्लग काढून दिवा लावला, दिवा पेटला. वीज मोटरपर्यंत येत होती. मग उरली परतीची वाट. विजेला यायला जशी वायर लागते तशी परत जायलाही लागते. पत्र्याची गाडी असेल तर गाडीच्या अंगातूनच ती परत जाते. ही गाडी पुढून फायबरची, म्हणून बांधणाऱ्याने परतीसाठी वेगळी काळी वायर दिली होती. ती मोटरपासून निघून काचेच्या कडेने वर कुठेतरी आतल्या अस्तरात शिरत होती.

"ही जाते कुठे?" हे स्वतःशीच म्हणाले.

काचेच्या कोपऱ्यात. मला एकदम आठवलं. मी ह्यांच्या खांद्याला हात लावला, माझ्याकडे वळले तेव्हा समोर बघून, सावकाश म्हटलं, "त्या पडद्याला वरच्या कोपऱ्यात डाग आहे. मला इस्त्रीचा वाटला. भाजल्याचा असेल का हो?"

ह्यांनी पडदा सोडला, डाग पाहिला, त्यावरून अंगठा फिरवला. मग पितळी दांडीचा कोपऱ्यातला बोल्ट बोटांनी फिरवून पाहिला. बोल्ट गरागरा फिरला. त्याच्या खाली, दांडीच्या पट्टीमागे चेपलेली, काळ्या वायरीच्या टोकाची कडी होती; याच बोल्टातून वीज आतल्या लोखंडी सांगाड्यात परत जायची.

"ही दांडी कुणी बसवली?"

सर म्हणाले, "मीच. तिथे आयता बोल्ट होता. म्हटलं, नवीन भोक कशाला पाडा."

आता सगळं उलगडलं. रोज रात्री हे दोघं झोपायला पडदा ओढायचे, दांडी हलायची, बोल्ट सैल व्हायचा आणि परतीची वाट तुटायची. म्हणून सकाळी वायपर बंद. दिवसा खड्ड्यांत गाडी आदळली की कडी कधीमधी टेकायची आणि वायपर सुरू. अर्धवट टेकलेली कडी तापायची, तिने पडदा भाजला होता.

बाईंनी सरांकडे पाहिलं. "चार गॅरेजं फिरलो आपण. नवी मोटर घातली."

सरांनी नकाशा पुन्हा उघडला आणि त्यात फार लक्ष घातलं.

ह्यांनी कडी घासून चकचकीत केली, बोल्ट पान्याने आवळला आणि दांडीला शेजारी वेगळे स्क्रू दिले. डॅशबोर्ड जागेवर बसला. वायपरची दांडी ओढली तसा तो कोरड्या काचेवर किंचाळत निघाला. मी मगभर पाणी आणलं आणि काचेवर मारलं. धूळ वाहून गेली, आणि काचेपलीकडे हे बसलेले स्वच्छ दिसले. हसत नव्हते. पण हात दांडीवर होता आणि ते ती पुन्हा पुन्हा ओढून बघत होते.

जाताना बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मघाशी मी बोलायला नको होतं." मी म्हटलं, "तुम्ही बोललात तेच बरोबर होतं, मी बोलले ते चूक." पडद्याला चांगली पट्टी लावून घ्या, हेही सांगितलं. घरगाडी वळणाआड गेली आणि दुकानासमोर नुसतीच मोकळी जागा उरली.

संध्याकाळ झाली तशी ठोक्या भावजी येऊन दारात उभे राहिले. त्यांना बोलायचं काहीतरी होतं पण जमेना. शेवटी ह्यांच्यासमोर येऊन म्हणाले, "उद्या ती लाल गाडी येतेय. दिवे बघायचेत तिचे. येताय ना?" हे टेबलावरचे फ्यूज डब्यात भरत राहिले. भावजी माझ्याकडे बघून गेले.

हे उठले. हत्यारं जागेवर लावली, कटर फडक्यात गुंडाळून खालच्या खणात ठेवलं, आणि शटरला हात घातला. शटर अर्ध्यावर आणलं आणि तिथेच थांबले. मी मशीनवर बसून होते. दुकान बंद करायची ती वेळच होती, रोजचीच. पण त्या दिवशी तो करकर आवाज मला सोसवेना.

शटर पुन्हा वर गेलं. हे मागच्या भंगारात गेले, बराच वेळ खडखडाट केला, आणि बाहेर आले ते बसचा एक भलामोठा आरसा घेऊन. लांब दांड्याचा, ड्रायव्हरच्या बाजूला असतो तो. दुकानाबाहेरच्या खांबाला तो लावून बघायला लागले.

मी समोर जाऊन उभी राहिले. "हे काय?"

"मोठ्या गाड्या बाहेरच उभ्या राहतात," हे म्हणाले. "तिथून तू दिसत नाहीस."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिथल्याच स्टुलावर बसले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तुझा पाय चालायला लागला की टक झाली. दीड वर्ष तेच बघतोय."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला काही कळत नाही."

"मलाही वाटायचं तुला कळलेलं नाही," हे म्हणाले. "वाटायचं, तू आपली सवयीने मशीन सुरू करतेस." खांबाला खूण करून ह्यांनी ड्रिल उचललं, पण सुरू केलं नाही. "शब्द दिला होता शटरचा. तो दिवस मागेच गेला. मी शब्द मोडला. तुला माहीत नाही असं वाटत होतं, म्हणून मोडता आला. आज ती वायर कापली असती."

"नाही कापलीत."

"तू आलीस म्हणून. आता तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. शटर ओढायचं की आरसा लावायचा, तू सांग."

मी सांगणारच होते. पण मध्येच दुसरं काहीतरी डोक्यात आलं आणि मी ताडकन उभी राहिले. "थांबा. मला ताप आला होता तेव्हा आठ दिवस दुकान बंद ठेवलंत."

ह्यांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. मग नजर खाली गेली.

"ते माझ्या काळजीने ठेवलं होतंत, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. शेजारणीला तीनदा सांगितलं."

"काळजी होतीच," हे म्हणाले.

"आणि?"

"आणि तू नव्हतीस. उघडून काय केलं असतं?"

मी भांडायला तोंड उघडलं, आणि भांडता येईना. राग खरा होता, पण त्याच्याखालून दुसरंच काहीतरी वर आलं आणि डोळे भरले. तीनदा सांगितलं ते कमीच होतं, असं वाटलं. पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "सुट्टीच्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मशीन देतील कानाला. कुरकुर चालणार नाही."

"बाबांचं मशीन नुसती शिट्टी मारायचं."

"मारू दे. आणि जिथे हात पोचेल तिथे बोट लावून बघायचं. कानाच्या भरवशावर कुणाची वायर कापायची नाही."

"नाही कापणार."

"मग आरसा जरा खाली घ्या. माझा पाय दिसायला हवा, तोंड नाही."

ह्यांनी आरसा वीतभर खाली घेतला आणि चार बोल्टनी पक्का केला. मग रस्त्याच्या कडेला चालत गेले, सकाळी घरगाडी उभी होती त्या जागेवर. तिथे पाठमोरे उभे राहिले, मान वाकडी करून आरशात पाहिलं आणि बोट वर केलं.

शेजारचा हातोडा थांबला. समोरचा रेडिओ बारीक झाला. त्यांना कुणालाच माहीत नव्हतं की या वेळी ऐकण्यासारखं काहीही नाही.

मी मशीनवर जाऊन बसले आणि पाय मारला. बोट खाली आलं.